सहकारी मसूर आणि बाप्तिस्म्याचा केक

क्लाइव्ह ट्रेम्बाथ संचालक झाला तो एका पाखरामुळे. पाखरू म्हणजे आभाळात उडणारं नव्हे. पिठाच्या डब्याचं झाकण काढलं की तोंडावर भुर्रकन येतं आणि मग महिनाभर स्वयंपाकघरात घरच्यासारखं वावरतं, ते. केटल क्रीक अन्न सहकारी मंडळीतून आणलेल्या ओट्समध्ये ते निघालं. निघालं म्हणजे, सकाळच्या वाडग्यातून चमच्याबरोबर वर आलं आणि क्लाइव्हच्या मिशीवर बसलं. समोर त्याची बायको ग्लेनिस टोस्टला लोणी लावत होती. "असं सहन करू नकोस," ती म्हणाली. "आज वार्षिक सभा आहे ना त्यांची? उठून बोल तिथे." एरवी क्लाइव्ह कुठेही उठून बोलायला लागला की ग्लेनिस त्याच्या कोटाची बाही ओढून त्याला खाली बसवायची. आज तिने स्वतः त्याचा कोट झटकून दिला. खरं तर क्लाइव्हला याचं नवल वाटायला हवं होतं. त्याला वाटला अभिमान.

क्लाइव्ह गावच्या शाळेत भूगोल शिकवायचा आणि निवृत्त झाला तेव्हा उपमुख्याध्यापक होता. आता मुख्याध्यापक निवृत्त झाला की तो बाग करतो, मासे पकडतो, सुखाने मरतो. उपमुख्याध्यापकाचं तसं नसतं. त्याच्या आतला उपमुख्याध्यापक निवृत्त होत नाही. घरी बसल्यापासून क्लाइव्हने ग्लेनिसचे मसाल्याचे डबे उगमस्थानाप्रमाणे लावले होते. त्यामुळे रोजचं मीठ शोधायला तिला आधी भूमध्य समुद्र शोधावा लागे. दर सोमवारी तो गॅरेजमधल्या मोठ्या फ्रीझरची तपासणी करायचा आणि वाटाण्यांच्या पिशव्या नीट रांगेत नसल्या तर नुसता सुस्कारा सोडायचा. बोलायचा नाही. ग्लेनिसच्या मते तो बोलला असता तर बरं झालं असतं.

मंडळीचं दुकान म्हणजे ओढ्याकाठची सफरचंदं भरायची जुनी शेड. तिथे आपापली बरणी न्यायची, पिंपातून डाळ, ओट्स, पीठ काढून घ्यायचं आणि बदल्यात महिन्यातून एकदा फरशी पुसायची. क्लाइव्ह सभासद होता, फरशीही मनापासून पुसायचा, पण सभेला कधी गेला नव्हता. तिथे मतदान नसतं हे त्याला ठाऊक नव्हतं. मतदान केलं की कुणीतरी हरतं, हरलं की मन दुखावतं, म्हणून मंडळीत सगळं एकमताने चालतं. पटलं तर दोन्ही हात वर करून बोटं हलवायची. नाही पटलं तर छातीवर हातांची फुली करायची, आणि ती फुली सुटेपर्यंत जगातलं कुठलंही काम पुढे सरकत नाही. बोलायचं ते ओढ्यातला एक गुळगुळीत दगड हातात असेल तेव्हाच. हा दगड अध्यक्षीण जुनिपर झोळीत घालून सगळीकडे फिरवते, कारण जिथे संचालक आणि दगड एकत्र येतात तिथे बैठक आपोआप भरते असा नियम आहे. ही जुनिपर मूळची जेनिफर. डोंगरावर राहायला आली, लोकर विणायला लागली आणि जुनिपर झाली.

क्लाइव्हने दगड हातात घेतला आणि पाखरावर बोलला. अंडी, अळी, कोष, सगळं बोलला. फळ्यावर आकृती काढली. बाण काढले. संपवून वळला तर शेडमधले झाडून सगळे लोक हात वर करून बोटं हलवत होते. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्याच्या भाषणानंतर पोरांनी फक्त बाकं वाजवली होती. त्याला गहिवरून आलं आणि त्याने कमरेत किंचित वाकून सगळ्यांना अभिवादन केलं. तेवढ्यात जुनिपरने येऊन त्याला मिठी मारली आणि संचालक मंडळात तुझं स्वागत असो म्हणाली.

रिवाज असा होता: जो तक्रार करतो, त्याला त्या कामानेच निवडलेलं असतं. बोटं हलली की निवड झाली, आणि वाकणं म्हणजे स्वीकार. एक नवा तक्रारदार आत आला की सर्वांत जुना संचालक सुटतो. त्या दिवशी जो सुटला त्याने फार मागे एकदा संडासाच्या कडीबद्दल काही म्हटलं होतं. त्याने शेडची किल्ली क्लाइव्हच्या मुठीत कोंबली आणि बायकामुलांना घेऊन त्याच संध्याकाळी सुट्टीवर निघून गेला. केटल क्रीकमध्ये हे क्लाइव्ह सोडून सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर त्या गावात लोक कुजके बटाटे हसत हसत घरी नेतात.

संचालक मंडळात तेव्हा तिघंच उरली होती. जुनिपर, टॉर्क्विल आणि क्लाइव्ह. त्यातही जुनिपर संस्थापक आणि टॉर्क्विलला हलवायची कुणाची छाती नाही, म्हणजे सुटायच्या रांगेत एकटा क्लाइव्हच. टॉर्क्विल कुंभारकाम करायचा आणि ज्याला आई असते असं काहीही खात नसे. मध नाही, दूध नाही. पहिल्याच बैठकीत क्लाइव्हने पाखरं मारायचे उपाय मांडले तर त्याने 'मारणे' या शब्दालाच फुली केली. विषारी फवारा बाद झाला. मग चिकट सापळा. त्यात मादीचा वास असतो आणि नर येऊन चिकटतो. त्यावर जुनिपर बराच वेळ डोळे मिटून बसली आणि म्हणाली की एखाद्याला प्रेमाची खोटी आशा दाखवणं तिला जमणार नाही. शेवटी क्लाइव्हने थंडीचा उपाय काढला. धान्य चार-पाच दिवस फ्रीझरमध्ये ठेवायचं. टॉर्क्विलने विचारलं, मग पाखरांचं काय होतं? क्लाइव्ह म्हणाला, झोपतात. किती वेळ झोपतात ते कुणी विचारलं नाही, आणि उपमुख्याध्यापकाने शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नाही. बोटं हलली.

आता मंडळीकडे एवढा मोठा फ्रीझर नव्हता. तेव्हा प्रत्येक सभासदाने एकेक पोतं घरी न्यायचं, आपापल्या फ्रीझरमध्ये झोपवायचं आणि शनिवारी परत आणायचं असं ठरलं. कल्पना क्लाइव्हची होती आणि त्याला ती फार आवडली. कुणी काय नेलं ते लिहून ठेवू या, असं तो म्हणाला मात्र, दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने पेन खिशात ठेवलं. लिहिणं म्हणजे अविश्वास. केटल क्रीकमधलं सगळं धान्य, ओट्स, चणे, राजमा, बार्ली, एका दुपारी माणसांच्या खांद्यावरून गावभर पांगलं, आणि कुठे गेलं ते एका परमेश्वरालाच ठाऊक राहिलं.

क्लाइव्हच्या वाट्याला मसुरीचं पोतं आलं. शिवाय टॉर्क्विलचं ओट्सचं पोतंही आलं, कारण टॉर्क्विल तत्त्व म्हणून फ्रीज वापरत नाही. ग्लेनिस त्या वेळी लॉन्सेस्टनला मुलीकडे, रोवेनाकडे गेली होती. रोवेनाच्या तान्ह्या टिलीचा बाप्तिस्मा रविवारी इथे केटल क्रीकच्याच चर्चमध्ये व्हायचा होता. शनिवारी सगळी येणार होती. जाताना ग्लेनिसने गाडीची काच खाली करून एकच गोष्ट बजावली होती, "फ्रीझरमधल्या निळ्या डब्याला हात लावायचा नाही. उघडायचा नाही, हलवायचा नाही, तपासायचा तर मुळीच नाही."

निळ्या डब्यात रोवेनाच्या लग्नाचा केक होता. सगळा नव्हे, तीन मजल्यांतला वरचा मजला. ग्लेनिसने स्वतः भाजलेला, मनुका-बेदाण्यांनी गच्च भरलेला आणि आठवडेच्या आठवडे ब्रँडी पाजलेला. लग्नात वरचा मजला कापायचा नाही, तो पहिल्या नातवंडाच्या बाप्तिस्म्याला कापायचा, अशी या घराण्याची रीत. ग्लेनिसच्या आजीपासून ती कधी चुकली नव्हती. रोवेना मोठ्या पगाराची, कुणापुढे न नमणारी बाई, पण दिवस गेल्याचं कळवायला तिने फोन केला तेव्हा दुसरं वाक्य 'केक नीट आहे ना?' हेच होतं. तेव्हा त्या केकला काही झालं तर रविवारी चर्चमध्ये कोण जास्त रडेल, टिली की तिची आई, हे सांगता आलं नसतं.

फ्रीझर भरलेला आणि दोन पोती गॅरेजात उभी. क्लाइव्ह विचारात पडला तसं कुंपणावरून लान्सचं डोकं वर आलं. हा शेजारी. कुंपणापलीकडे कुणी विचारात पडलं की त्याला ते वासाने कळतं. कुणी विचारलं नसताना त्याने पाच सल्ले दिले, त्यातला एक फ्रीझरला भोक पाडायचा होता. "मटण दे माझ्याकडे, गड्या," तो शेवटी म्हणाला. "आणि तो डबाही दे. गळाला लावायच्या माशांशेजारी जागा आहे." मटण गेलं. एक तंगडी काही त्याच्याकडे मावली नाही, ती मागे राहिली. डबा मात्र द्यायची क्लाइव्हची हिंमत झाली नाही. लान्सच्या फ्रीझरचं झाकण उघडलं की पलीकडच्या गल्लीतली मांजरं गोळा होतात.

म्हणून तो डबा घेऊन जुनिपरकडे गेला. तिच्या विणकामाच्या खोलीत लोकरीला कसर लागू नये म्हणून ठेवलेला फ्रीझर होता. त्यात मेंढीची लोकर सोडून काही नसे. स्वच्छ, बिनवासाचा, शांत. क्लाइव्हने डबा दोन मऊ गाठोड्यांच्या मध्ये ठेवला. जुनिपर मागावर होती आणि विणताना ती बोलत नसे, तिने फक्त मान हलवली. डब्यात काय आहे ते तिने विचारलं नाही. आपण पाहिलंच आहे, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर क्लाइव्ह देत नसे.

शनिवार उजाडला आणि धान्य परत यायला लागलं. म्हणजे काही आलं. राजमा नेलेल्या बाईंनी तो कुठल्या बहिणीकडे ठेवला होता आणि बहीण होबार्टला गेली होती, किल्लीसकट. एका जोडप्याने बार्ली आणली ती भिजलेली, कारण त्यांचा फ्रीझर मधेच बंद पडला होता. एकाने ओट्सऐवजी ओट्सची बिस्किटं आणली आणि मनापासून सांगितलं की वजन तेवढंच आहे. क्लाइव्ह दाराशी उभा राहून प्रत्येकाला हसून धन्यवाद देत होता. आत उपमुख्याध्यापक रडत होता.

मग त्याने स्वतःची मसूर आणून ठेवली. टॉर्क्विल सहज म्हणाला, "छान. फ्रीझरमध्ये हिच्या शेजारी कोण होतं?"

क्लाइव्ह खोटं बोलला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण मुलांना सत्याचं महत्त्व सांगण्यात त्याची उमर गेली होती. "एक मटणाची तंगडी," तो म्हणाला. "पण नीट गुंडाळलेली. आणि दोघांत ओट्सचं पोतं होतं."

टॉर्क्विलने छातीवर फुली केली.

झालं. फुली म्हणजे बैठक. शेडमध्ये सफरचंदाच्या पेट्यांवर सगळे गोल बसले, कारण बैठकीला हजर असलेल्या कुणालाही बसता येतं आणि त्या दिवशी निम्मं गाव हजर होतं. टॉर्क्विलने दगड हातात घेतला आणि मसुरीच्या वतीने बोलायला सुरुवात केली. मसुरीला काय वाटलं असेल. अंधारात. त्या शेजाराने. तो माणूस वाईट नव्हता, अगदी मनापासून बोलत होता. क्लाइव्ह आपली पाळी यायची वाट बघत होता, आणि सहज त्याची नजर समोरच्या भिंतीकडे गेली.

तिथे वाटपाचं टेबल असतं. त्यावर कुणी काही ठेवलं की ते सगळ्यांचं. जास्तीचे दोडके, सफरचंदं, लिंबाचं लोणचं. त्या टेबलावर निळा डबा होता. जुनिपरने फ्रीझर रिकामा करताना तो मंडळीच्याच मालातला समजून सकाळीच इथे आणून ठेवला होता. आणि बैठक लांबणार हे ओळखून चहा करणारे लोक त्या डब्याचं झाकण काढत होते.

क्लाइव्ह अर्धवट उठला. दगड टॉर्क्विलच्या हातात होता. दगडाशिवाय बोलणं म्हणजे त्या गोलात कुणाचं तोंड दाबण्यासारखं, असं कधी कुणी केलं नव्हतं. तेव्हा त्याने दोन्ही हात वर करून जोराजोरात टेबलाकडे हलवले. टॉर्क्विलला वाटलं मसुरीचं दुःख याला पटलं. तो कृतज्ञतेने हसला आणि आणखी खोलात शिरला. तिकडे चांदीचा कागद सोलला जात होता. क्लाइव्हने छातीवर फुली केली. जुनिपरने पाहिलं, मान डोलावली आणि सगळ्यांना शांतपणे सांगितलं की क्लाइव्हचीही हरकत आहे, तेव्हा आता दोन हरकती झाल्या, तर चहा घेऊनच पुढे बोलू. चहा आला. चहाबरोबर बशीत काळाभोर, ओलसर, ब्रँडीच्या वासाचा एकेक काप आला. क्लाइव्हच्याही हातात आला. तो कापाकडे बघत राहिला. बाकीच्यांनी खाल्ला आणि शेडमध्ये अशी शांतता पसरली की ओढ्याचा आवाज ऐकू यायला लागला. टॉर्क्विलने डोळे मिटून खाल्ला आणि न बोलता बशी पुन्हा पुढे केली.

तेवढ्यात दारात ग्लेनिस उभी राहिली. रोवेना आणि टिली घरी पोचली होती, रोवेनाला आल्या आल्या केक बघायचा होता, आणि गॅरेजात निळा डबा नव्हता. मटणाची तंगडी होती. ग्लेनिसने शेडमध्ये नजर फिरवली, टेबलावरचा अर्धा केक पाहिला, सगळ्यांच्या ओठांवरचे कण पाहिले आणि नवऱ्याकडे पाहिलं. क्लाइव्हला कधी नव्हे ते पुन्हा शाळेत जावंसं वाटलं, पहिलीच्या वर्गात.

ती ओरडली नाही. सरळ टॉर्क्विलसमोर गेली आणि हात पुढे केला. त्याने दगड दिला.

"यात लोणी आहे, डझनभर अंडी आहेत," ती आधी त्यालाच म्हणाली. टॉर्क्विलने बशी पायाशी ठेवली आणि तो जमिनीकडे बघत राहिला. मग ग्लेनिस एका पेटीवर बसली, दगड मांडीवर घेतला आणि आणखी सांगायला लागली. "आणि हा रोवेनाच्या लग्नाचा केक नाही. तो मी केव्हाच खाल्ला."

गोलातल्या लोकांनी आपापल्या बशीकडे पाहिलं.

"हा निवृत्त झाला ना, त्या हिवाळ्यात. मिरीचा डबा सापडायचा नाही, मग मी गॅरेजात जायचे आणि एक काप खायचे. सोमवारी हा फ्रीझर तपासून सुस्कारा सोडायचा. मंगळवारी मी दोन काप खायचे. वसंत आला तोवर डबा रिकामा. मग हा चर्चच्या सहलीला गेला होता तेव्हा मी गुपचूप दुसरा भाजला आणि त्यात ठेवला. रोवेनाला माहीत नाही. कळता कामा नये. तिला वाटतंय, तिच्या लग्नातला केक तिच्या पोरीची वाट बघतोय." तिने दगड उलटा केला, सुलटा केला. "आणि आता सांगतेच आहे तर ऐक. त्या सकाळी तुला इथे उठून बोलायला मीच पाठवलं. इथला रिवाज मला माहीत होता. जुनिपरला विचारून घेतला होता."

जुनिपर झोळीतली लोकर सारखी करायला लागली. शेडमध्ये, विशेषतः बायकांच्या बाजूला, बोटं हळूहळू वर गेली आणि हलायला लागली. क्लाइव्हचे कान लाल झाले. तो संचालक झाला तो त्याच्या आकृत्यांमुळे नव्हे, बाणांमुळे नव्हे, घरात नको झाला म्हणून. हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. बोलायला त्याच्याकडे पुष्कळ होतं, मुद्दे पाडून होतं. ग्लेनिसने दगड त्याच्या हातात दिला. तो दगड तिच्या मांडीवर राहून कोमट झाला होता, आणि ती पुन्हा पुन्हा दाराकडे बघत होती. ती रोवेनाला घाबरली होती. ग्लेनिस कुणाला घाबरलेली त्याने आजवर पाहिली नव्हती.

"उरलाय किती?" एवढंच त्याने विचारलं.

उरला होता अर्धा. अगदी मधोमध चिरलेला, अर्ध्या चंद्रासारखा. पाहुणे रविवारी गोल केक बघायला येणार होते. तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकदमच मसुरीकडे गेलं. खाण्यासाठी विकायची नाही यावर टॉर्क्विल अजून ठाम होता, फक्त आवाज आता जरा खाली आला होता. पण बांधकामाला वापरायला त्याची हरकत नव्हती. उलट पायाशी ठेवलेल्या त्या बशीचं प्रायश्चित्त म्हणून तोच पुढे झाला. कुंभाराचा हात. त्याने कच्ची मसूर घट्ट काकवीत मळली, काळ्या मनुका वरून चेपल्या, आणि असा अर्धा केक घडवला की ग्लेनिसनेही एकदा बोट लावून पाहिलं. दोन अर्धे जोडले. मंडळीचे बदाम कुटून त्यांचा साखरेतला लगदा लाटला आणि चादरीसारखा वरून पांघरला. त्यावर पिठीसाखरेचा पांढरा थर. जुनिपरने साखरेचं पिवळं बदक करून मधोमध बसवलं आणि क्लाइव्हने, शेवटी भूगोलाचा मास्तर, बदकाची चोच नीट दिशा साधून फिरवली. चोचीकडची बाजू खायची. शेपटीकडची बाजू घराण्याची अब्रू, तिला सुरी लावायची नाही. कापताना ग्लेनिसने रोवेनाच्या शेजारी उभं राहायचं, असं सगळं ठरलं, आणि मंडळीच्या इतिहासात पहिल्यांदाच एकाही फुलीशिवाय ठरलं.

रविवारी पाद्रीबाबा पिम यांनी टिलीच्या कपाळावर पाणी घातलं. टिली रडली नाही, उलट त्यांच्या बोटाला धरून बसली. पाद्रीबाबा क्वीन्सलँडहून नुकतेच बदलून आले होते, सगळ्यांशी अतिशय गोड, गावात आल्या आल्या मंडळीचे सभासद झाले होते आणि ओट्स न्यायला प्रसादाच्या वड्यांचा रिकामा डबा आणायचे. चर्चमागच्या दालनात चहा मांडला होता. मधल्या टेबलावर केक. रोवेनाने तो पाहिला आणि तिचे डोळे भरून आले. "आई, अगदी तसाच राहिलाय गं," ती म्हणाली. ग्लेनिसने तिला जवळ घेतलं आणि तिच्या डोक्यावरून क्लाइव्हकडे पाहिलं. त्या एका नजरेसाठी क्लाइव्हने आणखी दहा पोती मसूर वाहिली असती.

आणि तेवढ्या वेळात लान्सने कॅमेरा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. त्याला बदकाच्या तोंडावर उजेड हवा होता, म्हणून त्याने केक फिरवला, फोटो काढला, मग त्याला वाटलं बदक साखरेत जरा वाकडं बसलंय, म्हणून ते उपटून सरळ करून पुन्हा बसवलं. आता चोच कुठे आणि शेपटी कुठे हे लान्सलाही सांगता आलं नसतं. क्लाइव्ह दालनाच्या दुसऱ्या टोकाला बशा वाटत होता. त्याने वर पाहिलं तेव्हा रोवेनाने सुरी हातात घेतली होती. सुरी जरा जड गेली. "ब्रँडीने घट्ट झालाय," ग्लेनिस घाईने म्हणाली आणि तिने मुलीच्या हातातली सुरी हळूच काढून घेतली, पण एक काप तोवर निघाला होता. आणि पहिला काप पाद्रीबाबांचा, ही या घराण्याची दुसरी रीत.

ग्लेनिसने केक अर्धा फिरवून उरलेल्यांना खऱ्या बाजूचे काप दिले. रोवेनाने तिच्या लग्नाची चव ओळखली. लोक वा वा म्हणत होते. पाद्रीबाबांनी घास घेतला. दाढांखाली जो आवाज झाला तो वाळूवरून गाडी गेल्यासारखा होता. त्यांनी चावणं थांबवलं, जरा विचार केला आणि सभ्य माणसासारखं पुन्हा चावायला लागले. दालनात हळूहळू सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. शेवटी पाद्रीबाबांनी घास गिळला, चहा प्यायला आणि रुमालाने ओठ टिपले.

"केक रुचकर आहे," ते म्हणाले. "तक्रार अशी नाही हं. पण या मंडळीच्या मनुका असतील, तर त्यांच्यात खडे येतात. कुणीतरी लक्ष घालायला हवं."

मग क्लाइव्हने बशी खाली ठेवली, दोन्ही हात डोक्यावर नेले आणि बोटं हलवायला सुरुवात केली. त्याच्या पाठोपाठ टॉर्क्विलने. मग सगळ्या दालनाने. जुनिपरने झोळीतून दगड काढून अलगद पाद्रीबाबांच्या बशीशेजारी ठेवला. संचालक होते, दगड होता, बैठक भरली होती. पाद्रीबाबांना एवढ्या प्रेमाची सवय नव्हती. त्यांचे डोळे ओलावले. ते उठले, हात छातीवर ठेवला आणि कमरेत वाकून त्यांनी सगळ्यांना अभिवादन केलं.

क्लाइव्ह खुर्चीत टेकला. पाय पसरले. किती दिवसांनी त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. "सुटलो," तो ग्लेनिसला म्हणाला. "आता उद्यापासून घरीच. सोमवार आहे, आधी फ्रीझर लावून टाकतो."

ग्लेनिसचा चमचा वाटेतच थांबला. तिने एकदा पाद्रीबाबांकडे पाहिलं, एकदा खिडकीबाहेर. मग तिने बशी ठेवली, त्याच्या कोटावर पडलेली साखर हाताने झटकली आणि कॉलर नीट केली.

"क्लाइव्ह," ती म्हणाली, "ते मंडळीचे बदाम जरा खवट होते का रे? मला वाटलं बाई. असं सहन करू नकोस. उठून बोल."

क्लाइव्ह तिच्याकडे बघत राहिला. या वेळी त्याला सगळं कळत होतं, आणि आपल्याला कळतंय हे तिलाही कळतंय, हेही कळत होतं. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. त्याने बशीतल्या बदामाच्या लगद्याचा एक तुकडा तोंडात टाकला, सावकाश चघळला आणि उठून पाद्रीबाबांकडे दगड मागायला गेला. बदाम खरंच किंचित खवट होते.